सोसायटीत उंदरांना विष घालायचं ठरलंय, बैठकीत काय मांडू?

ठाणेकर_वैशाली:
आमची तीन मजली जुनी इमारत. खाली किराणा दुकान, समोर वडापावची गाडी. डक्टमध्ये उंदीर, मागच्या गटाराजवळ घुशींची बिळं. कमिटी म्हणते, ट्यूबमधली पेस्ट पावाला लावून जिन्याखाली ठेवू. इमारतीत रांगणारं बाळ आहे, आवारात मांजरी. मी नको म्हटलं तर उत्तर आलं, "मग तुम्ही पकडा!"

जुना_कीटकवाला:
ताई, मी पालिकेच्या कीटकनाशक खात्यातून निवृत्त झालोय. आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. पिवळा फॉस्फरस असेल तर विषय तिथेच संपवा. त्याला उतारा नाही. पोटात गेला की आधी उलट्या, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि नंतर यकृत जातं. तमिळनाडूने या पेस्टवर बंदी घातलीय. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात विषाला नोंदणी लागते, विकायला परवाना लागतो, तरी ही ट्यूब खारी-बटरशेजारी टांगलेली असते. दुकानदाराला परवाना दाखवा म्हणा, मग त्याचा चेहरा बघा.

बैठकीत एवढंच विचारा: डक्टमध्ये मेलेला उंदीर काढणार कोण? बाळाचं नाव काढून जे होत नाही ते वासाच्या भीतीने होतं, हा माझा अनुभव.

काम मात्र कंटाळवाणं आहे. गाडीवरचं उष्टं-खरकटं रात्रीच उचलायचं, डब्याला झाकण, डक्टच्या तोंडाला पाव इंची जाळी. घुशींच्या बिळात काचा घालून सिमेंट. पिंजरा आधी खटका न लावता उघडा ठेवा, आत सुका बोंबील. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. भीड चेपली की मग खटका लावा.

रात्रपाळी_सिस्टर:
ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरविषाच्या वड्याही निर्धोक नाहीत हो. रक्त गोठत नाही, लक्षणं काही दिवसांनी दिसतात. त्याला व्हिटॅमिन के१ चा उतारा आहे, म्हणून कोणी खाल्लंच तर थांबू नका, रिकामं पाकीट घेऊन थेट रुग्णालयात या. मिठाचं पाणी पाजून उलट्या काढू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरीने खाल्ला तर तिलाही बाधू शकतं.

ठाणेकर_वैशाली:
वासाचा मुद्दा भारी, काका! पण आमचे सेक्रेटरी शाकाहारी. बोंबील बघून पिंजऱ्यासकट मलाच बाहेर काढतील.

जुना_कीटकवाला:
मग कांदाभजी ठेवा. त्या गाडीवाल्याकडूनच मागा, उंदीर त्याच्याच उष्ट्यावर पोसलेत.