साउंड कार्डावर थेट ताबा कुणालाच देऊ नये

रामबागकर:
इंदूरच्या आमच्या भजनी मंडळाचा लॅपटॉप लिनक्सवर आहे. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये प्लेबॅकला अल्साचं (लिनक्सच्या साउंड ड्रायव्हरांचं) 'एचडब्ल्यू' डिव्हाइस, म्हणजे थेट कार्डच, निवडून ट्रॅक लावला की ब्राउझरमधला तानपुरा गप्प. तानपुरा आधी सुरू असेल तर ऑडॅसिटीला 'डिव्हाइस बिझी'. बहुतेक ऑनबोर्ड कार्डांत आवाज मिसळायची सोयच नसते, म्हणून जो आधी उघडेल त्याचं कार्ड. माझं ठाम मत: सगळ्या प्रोग्रामांनी पाइपवायरमधूनच जावं; ते सगळ्यांचे आवाज मिसळून कार्डाला देतं. फेडोरा या लिनक्सनं 2021 मध्ये 34 व्या आवृत्तीपासून तेच दिलंय. पल्सऑडिओ आणि जॅक या आवाज हाताळणाऱ्या दुसऱ्या दोन व्यवस्था; दोन्हीकडचे प्रोग्राम त्यावर चालतात.

षड्ज:
अजिबात पटत नाही. थेट ताबा हे संरक्षण आहे. स्पीकरवर ट्रॅक लावून गाताना मध्येच ब्राउझरची घंटी वाजली आणि माइकनं ती उचलली, की टेक गेला. शिवाय पाइपवायर मुळात 48 किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) चालतं; 44.1 ची फाइल वाजवताना उगाच रूपांतर होतं. मी तरी जॅकच वापरणार. जॅक कार्ड रीतसर मागून घेतं आणि पाइपवायर ते सोडून देतंही.

रामबागकर:
रूपांतराचं म्हणाल तर कॉन्फिग फाइलमध्ये चालणाऱ्या दरांच्या यादीत 44100 घाला, कार्ड मोकळं असताना दर आपोआप बदलतो. घंटीसाठी नोटिफिकेशन बंद करा. त्यासाठी बाकीच्यांचा आवाज का तोडायचा?

स्नेहलतागंज:
अहो, वाद नंतर घाला, आधी कार्ड कुणी धरलंय ते बघा. टर्मिनलमध्ये 'फ्यूजर' कमांड 'व्ही' पर्याय लावून साउंडच्या डिव्हाइस फाइलींवर चालवा, प्रोग्रामचं नाव समोर येतं. मंडळाच्या लॅपटॉपवर दोघांची खाती असतील तर 'ऑडिओ' ग्रुपही (साउंड कार्ड वापरायची परवानगी असलेल्या युजरांचा गट) तपासा. आवाज येत नाही म्हटलं की लोक सर्रास युजरला त्या ग्रुपात टाकायला सांगतात. हा सल्ला मला घातक वाटतो! एरवी समोर बसलेल्यालाच कार्ड मिळतं; ग्रुपात टाकलेला युजर मात्र स्क्रीनवर नसतानाही ते अडवून ठेवू शकतो.

षड्ज:
ग्रुपचं शंभर टक्के मान्य, दोघांनाही काढा. पण नोटिफिकेशन बंद करायचं प्रत्येक वेळी लक्षात कोण ठेवणार? जॅकनं कार्ड घेतलं की लक्षात ठेवायला काही उरतच नाही.

रामबागकर:
तुम्ही एकटे बसता, तुम्हाला चालेल. आमच्याकडे दोन टेकच्या मध्ये कुणीतरी मूळ चाल ऐकायला मागतंच. तेव्हा जॅक थांबवा, ब्राउझर लावा, पुन्हा जॅक सुरू करा, हे पेटीवर बसलेल्या माणसाला सांगून बघा. मंडळाच्या लॅपटॉपवर पाइपवायरच राहील.