पत्त्यांवरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार मराठीत कसे आणायचे?

पेठेतली_वाचक
दिवाळी अंकासाठी एक इंग्रजी लेख मराठीत करतीये, ट्रूमन आणि चर्चिलवरचा. १९४६ मध्ये चर्चिलच्या फुल्टनमधल्या 'पोलादी पडदा' भाषणासाठी दोघं ट्रेनने मिसुरीला निघाले आणि वाटेत पोकर खेळत बसले, तिथून सुरू होतो आणि मग लेखकाने सगळंच पत्त्यांच्या भाषेत लिहिलंय. 'ट्रम्प कार्ड'ला हुकमाचा एक्का, 'हाऊस ऑफ कार्ड्स'ला पत्त्यांचा बंगला, इथपर्यंत काही त्रास नाही. पण 'पास द बक', 'फॉलो सूट', 'कॉल द ब्लफ', 'ऑन द कार्ड्स' आणि रूझवेल्टची 'न्यू डील', इथे अडलंय. संपादकांना प्रत्येक ठिकाणी पत्ते दिसायला हवेत आणि मला ते वाचताना खटकतं. तुम्ही काय केलं असतं?

कर्वेरोडकर
तुमचं खटकणं बरोबर आहे. आपल्याकडचे पत्त्यांचे शब्द आले ते मेंढीकोट, पाच-तीन-दोन असल्या हुकमाच्या खेळांतून. हुकूम तर इतका मुरलाय की हुकमी गोलंदाज म्हणताना पत्ते कोणाच्या डोक्यातही येत नाहीत. (हिंदीत हुकुम म्हणजे आपलं इस्पिक, त्यामुळे हिंदीवरून उचलताना जपून.) इंग्रजीतलं 'ट्रम्प' पण अशाच खेळांतलं, म्हणून ते सरळ बसतं. पण बक, ब्लफ, अँटी, ब्लू चिप हे सगळं पोकरचं, म्हणजे १९व्या शतकातल्या अमेरिकेतलं, आपल्या घरांत तो खेळ कधी रुजलाच नाही. तिथे पत्ते सोडून द्या. बक म्हणजे पानं वाटायची पाळी कोणाची हे दाखवणारी खूण, आपल्याला वाटायचं नसेल तर पुढच्याकडे सरकवायची. त्याला मराठीत टोलवाटोलवी आहे की, तीही खेळातलीच, फक्त पत्त्यांऐवजी चेंडूची, आणि पेपरात रोज वाचतो आपण. ट्रूमनच्या टेबलावरच्या पाटीचं मात्र वेगळं आहे, 'द बक स्टॉप्स हिअर'. त्या पाटीत ठसका आहे, 'अंतिम जबाबदारी माझी' केलं तर सरकारी परिपत्रक वाटेल. मी 'टोलवाटोलवी इथे बंद' असं करेन, पाटी म्हणून शोभतं.

सिंहगड_पासवाला
पोकर नसेल पण तीन पत्ती आहे ना! आमच्या डब्यात लोणावळा येईपर्यंत काही ना काही डाव चालूच असतो. समोरचा नुसता दम देतोय असं वाटलं की माणूस शो मागतो. 'कॉल द ब्लफ'ला 'स्टॅलिनकडे शो मागितला' का नको? एकदम जिवंत वाटतं.

कर्वेरोडकर
बोलताना झकास, पण दिवाळी अंक वाचणाऱ्या सगळ्यांनी तीन पत्ती खेळलेली नसते, त्यांना शो म्हणजे सिनेमाचा वाटेल. 'धमकीला भीक घातली नाही' सगळ्यांना कळतं. फक्त त्यात समोरच्याला उघडं पाडणं येत नाही, ते पुढच्या वाक्यात सांगावं लागेल.

दुपारचा_चहा
मी बरीच वर्षं भाषांतर करते म्हणून थोडं सविस्तर लिहिते. 'फॉलो सूट' म्हणजे उतारी ज्या रंगाची झाली त्याच रंगाचं पान टाकणं. एका देशाने केलं आणि बाकीच्यांनीही केलं असं असेल तर 'तोच कित्ता गिरवला'. री ओढली म्हणू नका, त्यात होयबापणा येतो. 'ऑन द कार्ड्स' खेळातलं नाहीच, पत्त्यांवरून भविष्य सांगतात तिथलं मानतात, त्यामुळे 'युद्ध होण्याची चिन्हं होती' पुरे, किंवा पडद्याआड काही शिजत असेल तर 'घाटत होतं'.

'न्यू डील'वर मात्र थांबून विचार करा. १९३२ मध्ये शिकागोला उमेदवारी स्वीकारताना रूझवेल्ट हे बोलले. 'डील'मध्ये पानं नव्याने वाटणं आहे, म्हणजे आधीच्या वाटपात ज्यांच्या हातात काहीच आलं नाही त्यांनाही आता पानं मिळतील, मंदीत होरपळलेल्या माणसाला ते बरोबर कळलं असणार. मराठीत 'नवा करार' केलात तर बायबल आठवेल. 'नवा डाव' ऐकायला छान, पण आपल्याकडे डाव साधतात, डाव रचतात, त्यात कारस्थानाचा वास आहे आणि रूझवेल्टवर तो अन्याय होईल. म्हणून मी 'न्यू डील' तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे 'पानं पुन्हा पिसून नव्याने वाटायची' असं अर्धं वाक्य घालेन. संपादकांना पत्ते हवेत ना, मग ते इथे द्या, कारण इथे अर्थच पत्त्यांत आहे.

पेठेतली_वाचक
हे फार कामाचं आहे, संपादकांना असंच्या असं दाखवते. एकच राहिलं, चर्चिलना आपलं काय चाललंय ते ट्रूमन कळू देत नाहीत, तिथे 'प्लेड हिज कार्ड्स क्लोज टु द चेस्ट' आहे. 'पत्ते उघडे केले नाहीत' चालेल ना?

दुपारचा_चहा
चालेल, आणि तो प्रसंग खरंच पोकरच्या टेबलावरचा असेल तर तेच ठेवा. पुढे वाटाघाटींत पुन्हा आलं तर 'ताकास तूर लागू दिली नाही'.