चुलीवर कुकर नको
ट्रेकला चुलीवर वीस जणांची खिचडी करायची तर कुकर न्यावा का, असा प्रश्न पडतो. नका नेऊ. चुलीची आच कमीजास्त होते, शिट्टीचा भरवसा नाही. जाड बुडाचं पातेलं घ्या आणि चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा नाहीतर राखेचा पातळ लेप द्या. काजळी लेपावर बसते, पाणी ओतून हात फिरवला की सगळं निघतं. (भांडी घासायला कुणीच पुढे येत नाही, म्हणून हे महत्त्वाचं!) डाळ मुगाचीच, तूर पातेल्यात फार वेळ खाते. बटाटे ज्वाळेत नाही, निखाऱ्यात पुरायचे.

हरिश्चंद्रगडाचं ठरत असेल तर चूल विसरा. तो अभयारण्यात येतो. पायथ्याच्या पाचनई गावात गावकऱ्यांना आधी सांगून ठेवा, पिठलं-भाकरी गरमागरम मिळते.