तयार लायब्ररी असताना स्वतः कशाला लिहायचं?

तापीकाठचा: काल इथे एकाने लिहिलं, 'जे तयार मिळतं ते पुन्हा लिहिणं म्हणजे रिकामटेकडेपणा, पोरांनी सरळ लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड, टाकावी.' डोकंच फिरलं. यावलच्या भाच्याला मी सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेली साधी फाईल) वाचून रकाने सुटे करणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, हाताने लिहायला लावला. म्हणे, स्वल्पविरामावर तोडलं की झालं! मग पत्ता आला "स्टेशन रोड, भुसावळ", आणि भुसावळ जाऊन बसलं मोबाईल नंबरच्या रकान्यात. पुढे अवतरणातलं अवतरण, मधेच तुटलेली ओळ... तयार फंक्शन वापरून हे कधी कळलं असतं? २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज एकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं सामायिक कोठार) काढून घेतलं, तर त्यावर टेकलेले जगभरचे बिल्ड पडले, म्हणजे कोडवरून सॉफ्टवेअर तयारच होईना. अकरा ओळी!

अडत_दुकान: काय सांगस भाऊ! आमच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर अशाच हौशी पोराने लिहिलं. रुपये-पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात. त्यात ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४. हमाली, तोलाई कापून पट्टी निघाली की रोजमेळ जुळेना. शिकला तो, निस्तरलं आम्ही.

तापीकाठचा: शिकायला लिहा म्हटलं, दुकानात लावा नाही. आधी वाचा तरी.

धुळेकर: शिकायला म्हणे! शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बाजारात रेडीमेड मिळतो, ब्लॅकबुकसकट (प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल). आमच्या बॅचला एकाच्या आतल्या पानावर नागपूरच्या कॉलेजचं नाव तसंच राहिलं होतं. एक्स्टर्नलने पाहिलं, चहा घेतला, सही केली.

भुसावळ_जंक्शन: पोरांनाच का बोलता? लॅबमधले निम्मे पीसी बंद, सर नोट्स उतरवून देणार. मीही विकतच घेतला होता. आज हिंजवडीत आहे. काय बिघडलं?

धुळेकर: चोर तो चोर, वर शिरजोर.

भुसावळ_जंक्शन: तोंड सांभाळून. त्या वर्षी केळीला भाव नव्हता, मी रात्री मेडिकलवर बसायचो. लिंक्ड लिस्टसारखे सरावाचे प्रोग्राम लिहीत बसायला तुमच्यासारखा वेळ नव्हता.

धुळेकर: मग प्रोजेक्ट घ्यायला पैसे बरे होते.

जळगाव_बॅकएंड: झालं का? लिनक्सवाल्या टोर्व्हाल्ड्सने २००५ मध्ये गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लिहिलं ते बिटकीपर या तशाच कामाच्या सॉफ्टवेअरची फुकटची सोय गेली म्हणून, शिकायला नव्हे. तापीकाठचे, पार्सर लिहा, खुशाल लिहा. पण पासवर्डचं हॅशिंग (मूळ पासवर्ड ओळखता येऊ नये असं रूपांतर) घरी बनवून लाइव्ह सोडणारे बघितलेत मी.

तापीकाठचा: बरं बाबा, हॅशिंग सोडलं. आता झोप लागेल?

अडत_दुकान: भाच्याला पाठवा, आमची जुनी फाईल पण उघडत नाही. फुकट नको. फक्त फ्लोट दिसला तर त्याच्याच पट्टीतून कापीन.