लाटेकमधील तक्त्याच्या ओळींना रंग देता येत नाही

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ):
आमच्या गावातील शेतकरी गटासाठी मी कपाशीवरील किडींची पुस्तिका लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकुराची मांडणी करणाऱ्या संगणक प्रणालीत) तयार करीत आहे. एक्सकलर हे रंगांसाठीचे पॅकेज (जोडसंच) घेतल्यावर शीर्षके रंगीत झाली. परंतु तक्त्यात एकाआड एक ओळ फिकट पिवळी करण्यासाठी ‘रोकलर्स’ ही आज्ञा दिली, तर ती अपरिचित असल्याची त्रुटी येते. काय करावे?

उत्तर १:
ही आज्ञा एक्सकलरला ‘टेबल’ हा पर्याय दिल्यावरच उपलब्ध होते. दुसऱ्या एखाद्या पॅकेजने एक्सकलर आधीच पर्यायाविना घेतले असेल, तर पर्यायांचा संघर्ष उद्भवतो. म्हणून हा पर्याय फाइलच्या सुरुवातीला असलेल्या डॉक्युमेंटक्लासच्या आज्ञेतच लिहावा. फिकट छटेसाठी ‘येलो’ या नावापुढे उद्गारचिन्ह आणि 20 लिहिल्यास 20 टक्के पिवळा व उरलेला पांढरा असे मिश्रण मिळते.

उत्तर २:
पुस्तिकेच्या प्रती तालुक्याला झेरॉक्सवरच निघणार असतील (बहुधा तसेच होते), तर एकदा ‘ग्रे’ पर्याय देऊन पाहावे. त्याने सर्व रंग करड्या छटांत उतरतात आणि कागदावर काय वाचता येईल ते आधीच कळते. पिवळी अक्षरे तर जवळजवळ नाहीशीच होतात. ऑफसेट छपाई असेल, तर ‘सीएमवायके’ (छपाईच्या चार शायांचे रंग) पर्याय घ्यावा.

प्रश्नकर्ता:
‘टेबल’ पर्याय वरच्या आज्ञेत लिहिताच ओळी रंगल्या. धोक्याच्या सूचना आता लाल रंगाऐवजी ठळक अक्षरांत ठेवतो.