शेवाळ, शैवाल की आणखी काही?

टाकीवाला: मुलांना रंकाळ्यावर न्यायचंय, म्हणून पानभर मजकूर लिहिला. 'पाण्यातलं शेवाळ उन्हावर आपलं अन्न तयार करतं.' तपासणाऱ्या बाईंनी 'शैवाल' केलं. पण शेवाळ काय, शैवाल काय, डोळ्यांपुढे न्हाणीतली घसरडी फरशीच येते. मला सांगायचेत ते पाण्यात सुटे तरंगणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव.

उंबरठा: वनस्पतिप्लवक. प्लु म्हणजे तरंगणे. अशा तरंगत्या जिवांना इंग्रजीत 'प्लँक्टन' म्हणतात, तोही त्याच धातूचा, बघा कसं जुळतं!

खडीसाखर: नाही जुळत. प्लँक्टन ग्रीक, अर्थ 'भटकं'. नुसत्या आवाजावरून नातं लावायचं तर पलंगही त्याच घराण्यातला. आणि वनस्पतिप्लवक पाचवीच्या पोराला? जोडाक्षरातच अडकेल ते.

आजोळ: बाबुळी घ्या की! ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात आहे. पाण्यातच होते आणि पाण्यालाच झाकते.

टाकीवाला: वा! पण ती वरची साय झाली. साय धरली की खाली ऊन पोचत नाही, आणि वरच्या उजेडाचा जेमतेम १ टक्का उरतो त्याच्या खाली या जीवांचं भागत नाही. हिरव्यागार तळ्यात ती हद्द हातभरावरही येते. दिवसा हेच पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री ओढून घेतात. पहाटे मासे तोंड वर काढून आ-आ करतात ते त्यामुळेच. हे सगळं 'बाबुळी'त कसं मावणार?

उंबरठा: तेराव्या शतकातला शब्द पोरांना चालतो, प्लवक नाही?

खडीसाखर: त्यातल्या काचेच्या कवचवाल्यांना 'करंडक' म्हणतात. डबी आणि वर झाकण, थेट कुंकवाचा करंडा. शब्द पाडायचा तर असा.

टाकीवाला: सुंदर, पण ती एकच जात. मला सगळ्यांना मिळून हवाय.

आजोळ: एक विचारू? न्हाणीत फरशी कुठली? आमच्याकडे त्याला मोरी म्हणतात.

खडीसाखर: मोरी भांडी घासायची. अंघोळीची ती न्हाणी.

आजोळ: आमची सगळी खोली दहा बाय दहाची. भांडी तिथंच, अंघोळ तिथंच, शेवाळही तिथंच.

उंबरठा: मोरी मुळात सांडपाण्याची वाट. खोलीला मोरी म्हणणं चूकच.

टाकीवाला: मंडळी, सहल शुक्रवारी आहे.

आजोळ: चूक कशी? चार पिढ्या म्हणतोय आम्ही!