पायथननंतर दुसरी प्रोग्रामिंग भाषा शिकायची आहे: कुणाचा फोरम खरंच जागता आहे?

हिंजवडी_फेज२
नमस्कार मंडळी. मी इथे पुण्यात एका टेलिकॉम प्रॉडक्टच्या सपोर्टला आहे. दुपारची शिफ्ट, घरी पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. पायथन रोज वापरते. त्यात अडलं तर विचारायला पुण्यात माणसं आहेत, २०११ ची पायकॉन इंडिया ही पायथनवाल्यांची परिषदसुद्धा इथेच झाली होती. आता रस्ट, एलिक्सर आणि ज्युलिया यांतली एक शिकायची आहे आणि ऑफिसात तिन्हींपैकी काहीच कुणाला येत नाही. म्हणजे सगळी भिस्त ऑनलाइन गटावर. सर्वात सक्रिय गट कुठला, हे कसं ठरवायचं? मेंबरसंख्या बघून?

कोथरूडचा_कंपायलर
मेंबरसंख्या सोडून द्या. एकदा खातं उघडून परत न फिरकलेले लोकही त्यात धरलेले असतात.

तुमच्या तिन्ही भाषांचे फोरम डिस्कोर्स या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात, ही मोठी सोय आहे. प्रत्येकाचं 'अबाउट' पान उघडा. अलीकडचे नवे धागे, पोस्ट यांचे आकडे तिथे मिळतात. मोजायची पद्धत एकच, त्यामुळे आकडे शेजारी शेजारी ठेवता येतात. एकाच कालावधीतल्या पोस्टना धाग्यांनी भागलंत की एका प्रश्नावर साधारण किती बोलणं होतं ते कळतं. 'अ‍ॅक्टिव्ह यूजर्स' मात्र जपून वाचा, त्यात नुसते वाचून जाणारेही येतात.

रस्टचे दोन फोरम आहेत. एक वापरणाऱ्यांचा, दुसरा 'इंटर्नल्स', जिथे भाषेच्या पुढच्या बदलांवर खल चालतो. तुम्हाला पहिलाच हवा, दोघांची बेरीज करू नका. आणि एकट्या डिसेंबरवरून मत बनवू नका. त्या महिन्यात अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड या दरवर्षीच्या प्रोग्रामिंग उपक्रमाची कोडी सोडवणाऱ्यांची गर्दी असते.

पर्लवाला_सदाशिव
जुना माणूस आहे, यूजनेटपासून, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांपासून, हे बघत आलोय. एखादा गट ओस दिसला तर भाषा संपली असं धरू नका. आधी बिऱ्हाड कुठे हललंय ते बघा. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या चॅट नेटवर्कवरचे कितीतरी चॅनल लिबेरा चॅट या दुसऱ्या नेटवर्कवर गेले. अर्लांग या भाषेवाल्यांची चर्चा मेलिंग लिस्टवरून फोरमवर आली. गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटवर नवीन पोस्ट टाकणं बंद केलं. जुन्या जागेचा आलेख काढलात तर तो घसरलेलाच दिसणार.

ज्युलिया_प्रभातरोड
आकड्यांबद्दल वर सांगितलंय ते बरोबर, पण मी त्यावर थांबणार नाही. साधारण आठवड्यापूर्वीचे नवख्यांचे प्रश्न उघडा आणि प्रत्येकात काय झालं ते वाचा. पहिलं उत्तर किती तासांनी आलं? उत्तरं देणारे वेगवेगळे आहेत, की तीच दोन-तीन माणसं सगळा भार वाहतायत? ती थकली की गट बसतो. शून्य उत्तरं असलेले धागे शोधातून वेगळे काढता येतात, तेही बघाच.

आमच्या ज्युलियाच्या फोरमवर 'माझा लूप एवढा हळू का?' हा प्रश्न सतत येतो. कुणीतरी सांगतं की व्हेरिएबल ग्लोबल आहे, सगळं फंक्शनमध्ये घाला. दुसरा तोच कोड नव्याने लिहून आधीचा आणि नंतरचा वेळ मोजून टाकतो. असा एक धागा मला हजार मेंबरांपेक्षा मोलाचा वाटतो. रस्टच्या फोरमवरही बॉरो चेकरचा (मेमरीचा वापर तपासणारा कंपायलरचा भाग) प्रश्न टाकला की प्लेग्राउंडवर, म्हणजे ब्राउझरमध्येच रस्ट चालवायच्या पानावर, चालवून पाहिलेला कोड उत्तरात येतो. एलिक्सरचा फोरम आकाराने लहान, पण तिथे भाषेचे कर्ते जोझे वालिम स्वतः उत्तरं देताना दिसतात.

डिस्कॉर्ड आणि स्लॅकच्या वेगावर भाळू नका. गप्पा धो धो चालतात, पण डिस्कॉर्डवरचं बोलणं गूगलला सापडत नाही आणि स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचं दिसत नाही. ज्याला रात्री एकट्याने शिकायचंय, त्याला जुनी उत्तरं सापडायलाच हवीत.

हिंजवडी_फेज२
खूप आभार सगळ्यांचे. हे कोणत्याही लेखात मिळालं नसतं. एक शंका: मी विचारणार रात्री साडेअकराला. तेव्हा तिकडे कुणी असतं का?

कोथरूडचा_कंपायलर
ताई, तीच उत्तम वेळ. तेव्हा न्यूयॉर्कला दुपारचा एक किंवा दोन वाजलेला असतो आणि जर्मनीत संध्याकाळ. सकाळी नऊला विचारलंत तर अमेरिका झोपायच्या तयारीत असते.

तुमचं काम टेलिकॉमचं आहे म्हणून माझं मत एलिक्सरला. ती अर्लांगच्या व्हर्च्युअल मशीनवर चालते आणि अर्लांग मुळात एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्मली. प्रश्नात व्हर्जन लिहा, एरर पूर्ण चिकटवा आणि कोडचा स्क्रीनशॉट टाकू नका. तो कुणाला चालवून बघता येत नाही.